पाच टन सोन्याचा हिशेब

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात चकलांबा हे गाव आहे. या गावात, किंवा आसपासच्या कोणत्याही गावात, विहीर खणताना काय निघते ते तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. सुरुंग लावावा तेव्हा कुठे तो फुटतो. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेला आणि थिजलेला लाव्हा, अर्थात बेसॉल्ट. या खडकात कधी कुणाला सोने सापडलेले नाही.

तरीही गावात सोने असतेच. कुणाच्या गळ्यात डोरले असते, कुणाची बोरमाळ वर्षातून एकदाच डब्यातून बाहेर निघते, कुणाची नथ आजीकडून नातीकडे आलेली असते. ज्या जमिनीत सोन्याचा कण नाही, त्या जमिनीवरच्या घरात मात्र सोने आहे. हे सोने कुठून आले, आणि देशावर युद्धाचा प्रसंग आला तेव्हा त्यातले किती परत देशाच्या हाती गेले, हे आपण या लेखात पाहणार आहोत.

या प्रश्नाकडे वळण्याचे कारण एक गोष्ट आहे. मराठवाड्यात ती पुष्कळांनी ऐकलेली असते. युद्धाच्या वेळी लालबहादूर शास्त्री हैदराबादला गेले, त्यांनी निजामाला आवाहन केले आणि निजामाने पाच हजार किलो सोने पेट्यांत भरून देशाला दान केले. शेवटी म्हणे त्याने एवढेच सांगितले, की सोने दान दिले आहे, लोखंडी पेट्या तेवढ्या परत करा. शाळेत मुले ही गोष्ट सांगतात, भाषणांत ती येते, छापूनही येते. ऐकणाऱ्यांपैकी काहींना ती फार आवडते. रझाकारांच्या काळाच्या आठवणी ज्या घरांत आहेत, तिथे ती मुळीच आवडत नाही. पण आवडणे वा न आवडणे हा काही गोष्ट खरी की खोटी हे ठरवण्याचा मार्ग नव्हे. इथे आपल्याजवळ एक चांगले माप आहे. ते म्हणजे देशाच्या खाणींतून वर्षाला निघणारे सोने.

खाणींतून किती निघत होते?

भारतातले खाणीतले सोने मुख्यतः कर्नाटकातल्या फार जुन्या खडकांत आहे. या खडकांचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक. त्यांच्या भेगांतून खोलवरचे तप्त पाणी वर चढले, त्या पाण्यात विरघळलेली गारगोटी आणि तिच्याबरोबर अत्यल्प सोने भेगांत साचले. आपल्या बेसॉल्टच्या वाट्याला असा इतिहास आला नाही, म्हणून चकलांब्याच्या विहिरीत सोने नाही.

यातली सर्वांत मोठी खाण कोलारची. १८८० साली जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने तिथे आधुनिक पद्धतीने काम सुरू केले. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रम् येथील वीज सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या तारांवरून कोलारला पोचली. त्या काळी जगातल्या सर्वांत लांब वीजवाहिन्यांत तिची गणना होत असे. १९०५च्या सुमारास उत्पादन शिखरावर होते. त्यानंतर खाण खोल खोल जात राहिली आणि उत्पादन घटत गेले. चॅम्पियन रीफ ही खाण तर तीन किलोमीटरहून खोल पोचली. तिथे खडकाचे तापमान साठ अंश सेल्सिअसच्या पुढे जाई आणि वरच्या खडकाच्या दाबाने भिंती एकाएकी फुटत. १८८० ते २००१ या सुमारे १२० वर्षांत कोलारने एकूण ८०० टनांच्या आसपास सोने दिले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी ती खाण बंद झाली.

दुसरी खाण हट्टीची. ती रायचूर जिल्ह्यात आहे आणि आपल्याला ती अधिक जवळची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत बीड आणि रायचूर हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. म्हणजे चकलांब्याचा शेतकरी आणि हट्टीचा खाणकामगार एकाच तिजोरीत कर भरत. या भागात प्राचीन काळीही सोने काढले जात होते. सोन्याच्या शोधात हिंडणाऱ्या बीडन नावाच्या एका खाण-अभियंत्यालाच १९१५ साली याच जिल्ह्यात मस्की येथे सम्राट अशोकाचा तो प्रसिद्ध शिलालेख सापडला, ज्यात ‘अशोक’ हे नाव प्रत्यक्ष कोरलेले आहे. हट्टीची आजची कंपनी १९४७ साली ‘हैदराबाद गोल्ड माइन्स’ या नावाने स्थापन झाली. कोलार बंद झाल्यावर देशातले खाणीचे सोने प्रामुख्याने हट्टीतूनच येते.

या सगळ्या खाणी मिळून १९६०च्या सुमारास देशाला वर्षाकाठी सुमारे पाच टन सोने देत होत्या. १९६५च्या सुमारास हा आकडा चार टनांपर्यंत उतरला होता.

हे सोने सहजासहजी मिळत नसे. खडकाच्या एका टनात काही ग्रॅम सोने असते. आपण हिशेबाला टनामागे सहा ग्रॅम धरू. दोन तोळ्यांचा, २२ कॅरेटचा दागिना घ्या. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. दोन तोळ्यांतले शुद्ध सोने झाले सुमारे २१.४ ग्रॅम. एवढ्यासाठी साडेतीन टन खडक फोडून वर आणायचा, त्याची पिठी करायची आणि सायनाइडच्या द्रावणातून सोने वेगळे करायचे. एक बोरमाळ म्हणजे बैलगाड्या भरभरून दगड. आजीच्या डब्यातल्या दागिन्यात कुणाच्या तरी कष्टांचा एवढा मोठा ढीग दडलेला असतो.

मग घराघरांत किती होते?

रिझर्व्ह बँकेने १९५८ साली देशातल्या लोकांजवळच्या सोन्याचा एक अंदाज केला होता. तो होता १०.५ कोटी औंस. एक औंस ३१.१ ग्रॅमचा धरला तर हे साधारण ३,२६६ टन होतात. आता भागाकार करा. वर्षाला पाच टन या वेगाने एवढे सोने आपल्या खाणींतून काढायला सुमारे ६५० वर्षे लागली असती.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली ही, की चकलांब्याच्या डब्यातले सोने बहुतांशी कोलारचे वा हट्टीचे नव्हे. ते शतकानुशतके व्यापारातून परदेशांतून आलेले आहे. आपण मसाले, कापड, नीळ, कापूस विकला आणि त्या बदल्यात सोने घेतले. दुसरी ही, की १९६० साली भारताची सर्वांत श्रीमंत सोन्याची खाण कोलारला नव्हती. ती घरांतल्या फडताळांत, पेट्यांत आणि गळ्यांत विखुरलेली होती. युद्धाच्या वेळी सरकारची नजर या ‘खाणी’कडे वळली यात नवल नाही.

सोनेच का हवे होते?

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने मोठा हल्ला चढवला. महिन्याभरात, २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. पण तेवढ्या काळात आपली किती अपुरी तयारी होती ते देशाला कळून चुकले. याच काळात राष्ट्रीय संरक्षण निधी उभा राहिला. लोक पैसे देऊ लागले, रक्त देऊ लागले आणि सोनेही देऊ लागले. बायकांनी सभेतच अंगावरचे दागिने उतरवून दिल्याच्या हकिगती महाराष्ट्रात आजही सांगितल्या जातात. यशवंतराव चव्हाण त्याच नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्यामुळे महाराष्ट्राचे मन या प्रसंगात अधिकच गुंतले होते.

सैनिकाला पगार रुपयांत देता येतो. गणवेशाचे कापड रुपयांत विकत घेता येते. पण परदेशातून विमाने, तोफा, यंत्रे आणि तेल घ्यायचे तर पौंड वा डॉलर लागतात. सरकार नोटा छापू शकते, पण डॉलर छापू शकत नाही. सोने मात्र जगात कुठेही चालते. म्हणून नोव्हेंबर १९६२मध्ये सरकारने सुवर्णरोखे काढले. आपण सोने द्यायचे, सरकारने १५ वर्षांचा रोखा द्यायचा आणि साडेसहा टक्के व्याज द्यायचे.

या रोख्यांसाठी सोन्याचा भाव ठरवला होता दर १० ग्रॅमला ५३ रुपये ५८ पैसे. हा विचित्र आकडा कुठून आला? आपण तो वर्गात काढून पाहू शकतो. त्या वेळी आंतरराष्ट्रीय भाव एका औंसाला ३५ डॉलर असा बांधलेला होता. एक डॉलर ४ रुपये ७६ पैशांचा होता. गुणाकार केला तर एक औंस म्हणजे सुमारे १६६ रुपये ६७ पैसे. त्याला ३१.१०३५ने भागून १०ने गुणले की ५३.५८ मिळतात. म्हणजे सरकारने देऊ केलेला भाव हा जगाच्या बाजारातला भाव होता.

पण आपल्या बाजारात काय चालले होते? सोन्याच्या आयातीवर बंदी असल्यामुळे देशात दहा ग्रॅमला सुमारे १२० रुपये भाव होता. म्हणजे रोखा घेणारा माणूस १२० रुपयांचा माल ५३ रुपये ५८ पैशांना देत होता.

देणगी, ठेव आणि मधले काहीतरी

युद्धकाळातल्या सोन्याविषयी बोलताना आपण सगळ्याला ‘दान’ म्हणून मोकळे होतो. वास्तविक त्यात तीन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखायला शिकणे हा इतिहासाच्या अभ्यासाचाच भाग आहे.

पहिला प्रकार निखळ देणगीचा. ज्या बाईने मंगळसूत्राच्या वाट्या किंवा कानांतली फुले संरक्षण निधीत टाकली, तिला परत काही मिळायचे नव्हते.

दुसरा प्रकार १९६२च्या रोख्याचा. याचा हिशेब मांडून पाहू. दहा ग्रॅमच्या ५३.५८ रुपयांवर साडेसहा टक्के सरळ व्याजाने १५ वर्षांत सुमारे ५२ रुपये २५ पैसे मिळतात. मुद्दल धरून झाले १०५ रुपये ८३ पैसे. म्हणजे पंधरा वर्षे थांबून, व्याजासकट, जेवढे हाती आले ते सोने दिले त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षाही कमीच होते. आणि १९७७ साली, रोख्याची मुदत संपली तेव्हा, दहा ग्रॅमचा बाजारभाव पाचशे रुपयांच्या जवळ पोचला होता. कागदावर हे कर्ज होते, पण व्यवहारात त्याचा मोठा भाग देणगीच ठरला.

तिसरा प्रकार १९६५चा. पाकिस्तानशी झालेल्या युद्धानंतर ऑक्टोबर १९६५मध्ये राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोखे निघाले. यात सोन्याच्या बदल्यात १५ वर्षांनी सोनेच परत मिळायचे होते. १९८० साली ते परत मिळाले तेव्हा दहा ग्रॅमचा भाव हजार रुपयांच्या वर गेला होता. शिवाय हे सोने आणणाऱ्याला ‘कुठून आणले’ असे सरकारने विचारायचे नव्हते. ही खरी ठेव होती, आणि लपवून ठेवलेले सोने उजळ करून घेण्याची संधीही होती. देणाऱ्याच्या मनात देशप्रेम नव्हते असे म्हणण्याचे मुळीच कारण नाही. पण यात त्याचे नुकसान नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

लोकांनी कशाला कसा प्रतिसाद दिला ते पाहा. १९६२च्या रोख्यांत सोळा टनांच्या आसपास सोने जमले. मार्च १९६५मध्ये सात टक्के व्याजाचे आणखी रोखे निघाले, त्यांत सुमारे सहा टन आले. ऑक्टोबर १९६५च्या रोख्यांत चौदा टनांच्या जवळपास आले. तिन्ही मिळून ३६ टन. खाणींच्या मापाने हे साधारण सात वर्षांचे उत्पादन झाले. कोलारच्या तीन किलोमीटर खोलीत हजारो माणसांनी सात वर्षे घाम गाळून जेवढे काढले असते, तेवढे लोकांनी आपल्या पेट्यांतून काढून दिले. या मापाने हा प्रतिसाद फार मोठा दिसतो.

आता दुसरे माप लावू. लोकांजवळ होते ३,२६६ टन. त्यातले ३६ टन म्हणजे एक टक्क्याहून थोडे अधिक. या मापाने तोच प्रतिसाद अगदी लहान दिसतो. आणि तिसरे माप घ्यायचे तर खर्चाचे. १९६२च्या सोळा टनांची सरकारी भावाने किंमत नऊ कोटी रुपयांच्याही आत होती, आणि १९६३-६४ या वर्षाचा संरक्षणखर्च ८०० कोटींच्या पुढे गेला होता. म्हणजे सोन्याने युद्धाचा खर्च भागला नाही. तो भागला करांतून, कर्जांतून आणि १९६३ साली लागू केलेल्या अनिवार्य ठेवीसारख्या उपायांतून. सोन्याने थोडेफार परकीय चलन दिले, आणि आपणही या प्रसंगात भागीदार आहोत ही भावना दिली.

इतर देशांतही असेच घडले आहे. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात १८१३ साली प्रशियातल्या स्त्रियांनी सोन्याचे दागिने देऊन लोखंडाचे घेतले आणि लोखंडाची अंगठी मानाची ठरली. १८ डिसेंबर १९३५ रोजी, इथिओपियावरच्या आक्रमणाच्या वेळी, मुसोलिनीच्या राजवटीने इटलीत लग्नाच्या अंगठ्या गोळा करण्याचा मोठा सोहळा केला. तिथेही बदल्यात लोखंडाची अंगठी मिळे. देणाऱ्यांची श्रद्धा दोन्हीकडे खरी असेल, पण एक युद्ध स्वतःच्या सुटकेचे होते आणि दुसरे दुसऱ्याचा देश गिळण्याचे. त्यागाची भावना उदात्त असली तरी तिचा उपयोग कशासाठी होतो हा प्रश्न उरतोच.

निजामाच्या पेट्या

आता मूळ गोष्टीकडे येऊ. पाच हजार किलो म्हणजे पाच टन. आपल्या हाती आता मापे आहेत, ती लावू.

१९६५च्या सुमारास देशातल्या सर्व खाणींचे वर्षाचे उत्पादन सुमारे चार टन होते. म्हणजे गोष्ट खरी मानायची तर एका माणसाने एका दिवशी साऱ्या देशाच्या खाणींच्या वर्षाभराच्या उत्पादनाहून अधिक सोने दान दिले. निजाम मीर उस्मान अली खान हे एके काळी जगातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ मानले जात, म्हणून हे अगदीच अशक्य म्हणता येणार नाही. पण एवढे मोठे सोने आले असते तर त्याची ठळक नोंद झाली असती. शंका घ्यायला एवढे पुरेसे आहे.

नोंद काय सांगते? डिसेंबर १९६५मध्ये शास्त्रीजी हैदराबादला गेले होते. बेगमपेठच्या विमानतळावर त्यांची आणि निजामाची भेट झाली. त्या दिवशीच्या सभेत शास्त्रीजींनी निजामाचे अभिनंदन केले, ते त्याने सुवर्णरोख्यांत ४ लाख २५ हजार ग्रॅम सोने गुंतवल्याबद्दल. हे वृत्त त्या वेळी ‘द हिंदू’ या दैनिकात आले होते. ४ लाख २५ हजार ग्रॅम म्हणजे ४२५ किलो. किंमत सुमारे ५० लाख रुपये सांगितली गेली होती. त्यात जुन्या मोहरा होत्या, आणि त्या वितळवण्याऐवजी परदेशात विकल्या तर अधिक मोल येईल असा शास्त्रीजींचा विचार होता. पुढे माहितीच्या अधिकाराखाली विचारणा झाली तेव्हाही पाच हजार किलोंच्या दानाला दुजोरा मिळाला नाही.

म्हणजे आकडा बाराएक पटीने फुगला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘गुंतवणूक’ या शब्दाच्या जागी ‘दान’ हा शब्द येऊन बसला. पेट्या परत मागण्याचा चुरचुरीत संवाद गोष्टीला स्मरणात राहण्याजोगे शेपूट लावून गेला. गोष्टी अशाच वाढतात. त्यात कुणाचा कट असावा लागत नाही.

४२५ किलो हे काही थोडे सोने नव्हे. देशाच्या खाणींना तेवढे काढायला महिन्याहून अधिक काळ लागला असता. ते रोख्यांत ठेवल्याने देशाला गरजेच्या वेळी उपयोग झाला, याचे श्रेय निजामाला दिलेच पाहिजे. पण आता हाच आकडा त्या रोख्यांच्या एकूण सोन्याशी ताडून पाहा. चौदा टनांच्या जवळपास जमले, त्यात ४२५ किलो म्हणजे सुमारे तीन टक्के. उरलेले सत्त्याण्णव टक्के इतरांचे होते. त्यांची नावे कोणत्याही गोष्टीत आली नाहीत.

हे नवे नाही. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, ब्रिटिश हवाई दलाच्या एका तुकडीला निजामाने विमाने दिली, आणि त्या तुकडीच्या नावात ‘हैदराबाद’ हा शब्द कायमचा आला. त्या काळी राज्याच्या तिजोरीत बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा साराही जात होता. विमानावर नाव राज्याचे लागले. सारा भरणाऱ्याचे नाव कुठेही लागले नाही, आणि त्याला कुणी विचारलेही नव्हते.

ज्यांना मोजावे लागले

सोन्याच्या या हिशेबात आणखी दोन माणसे आहेत, आणि त्यांना वगळून तो पुरा होत नाही.

एक सोनार. लोकांनी सोने द्यावे आणि चोरटी आयात थांबावी म्हणून सरकारने जानेवारी १९६३मध्ये सुवर्णनियंत्रण लागू केले. नवे दागिने १४ कॅरेटहून शुद्ध करायचे नाहीत, असा नियम आला. १४ कॅरेट म्हणजे २४ भागांत १४ भाग सोने आणि १० भाग दुसरे धातू. असा दागिना कडक होतो, रंग उतरतो, जुन्या पद्धतीने घडवणे अवघड जाते, आणि मोडायला गेल्यास मोल येत नाही. गिऱ्हाईक फिरकेना. आठवडी बाजारात बसून फुंकणी आणि हातोडीवर पोट भरणाऱ्या कारागिराचा धंदा बसला. देशभर लाखो कारागिरांवर हे संकट कोसळले, आत्महत्यांच्याही बातम्या आल्या. दागिन्यांच्या शुद्धतेवरचे बंधन १९६६ साली उठले, पण सुवर्णनियंत्रण १९६८च्या कायद्याने पुढे चालू राहिले आणि १९९० साली रद्द झाले. सोनारांनी युद्धनिधीला किती दिले याची कुठे गणती होत नाही. त्यांनी आपला रोजगारच दिला, आणि तो त्यांना न विचारता घेतला गेला.

दुसरा खाणकामगार. १९६२च्या अखेरीस, ज्या आठवड्यांत देशभर दागिने गोळा होत होते त्याच सुमारास, कोलारच्या खाणी म्हैसूर राज्याकडून केंद्र सरकारकडे गेल्या. खाली उतरणाऱ्या माणसाला त्याने फरक पडला नाही. उष्णता तीच, खडक फुटण्याची भीती तीच, आणि गारगोटीच्या धुळीने फुप्फुसे निकामी करणारा सिलिकोसिस हा रोगही तोच. युद्धाच्या इतिहासात त्याचे नाव येत नाही, पण देशाच्या सोन्यातला नवा ग्रॅम फक्त तोच आणत होता. बाकी सारे सोने एका हातातून दुसऱ्या हातात जात होते.

वर्गात करून पाहू

हा विषय इतिहासाच्या तासाला घेतला तरी गणिताचे आणि विज्ञानाचे शिक्षक त्यात सहज सामील होऊ शकतील.

सोन्याची घनता दर घनसेंटिमीटरला १९.३ ग्रॅम आहे. यावरून पाच टन सोन्याचा घन केवढा होईल ते मुलांना काढू द्या. उत्तर येईल सुमारे ६४ सेंटिमीटर बाजूचा घन. आता ४२५ किलोंचा घन काढू द्या. त्याची बाजू येईल सुमारे २८ सेंटिमीटर. दोन्ही खोकी पुठ्ठ्याची बनवून शेजारी ठेवा. गोष्ट आणि नोंद यांतला फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल. वजन बारा पट, पण बाजू मात्र सव्वादोन पट, हे का, यावरही चर्चा होईल.

मुलांना गावातल्या वडीलधाऱ्यांकडे पाठवा. १९६२ किंवा १९६५ साली आपल्या गावात निधी गोळा झाला होता का, कुणी काय दिले, पावती जपली आहे का, हे विचारू द्या. जे सांगितले जाईल ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. मग प्रत्येक हकिगतीसमोर तीन रकाने करावेत : पाहिलेले, ऐकलेले, कागदावर असलेले. चकलांब्यासारख्या गावातल्या एखाद्या पेटीत पिवळी पडलेली पावती निघाली तर तिचे मोल इतिहासाच्या दृष्टीने फार आहे, मग ती पाच रुपयांची का असेना.

या कामात एक सावधगिरी बाळगावी. कुणाच्या घरच्या आठवणीला सगळ्यांसमोर खोटे ठरवू नये. आजी म्हणाली की मी पाटल्या दिल्या, तर पाटल्या दिल्या. आपले काम आहे ते मोठ्या आकड्यांना माप लावण्याचे, माणसांना नव्हे.

आपण सुरुवातीला विचारले होते, की घरातले किती सोने देशाच्या हाती गेले. रोख्यांपुरते उत्तर आहे शंभरातले एक. हे एक देणाऱ्यांत राजा होता, सराफ होते आणि हातात परत काहीच न येणार हे माहीत असून देणाऱ्या बायका होत्या. पाच टनांच्या गोष्टीने राजाचे दान बारापट मोठे होते आणि त्या बायका तिच्यामागे दिसेनाशा होतात. हिशेब नीट मांडला की राजाच्या वाट्याला त्याचे ४२५ किलो येतात, आणि उरलेली जागा ज्यांची आहे त्यांना परत मिळते.